दातवाल्यांच्या गाडीतलं पाणी

दातवाल्या डॉक्टरांची गाडी पाणी पीत होती. इंजिन थंड ठेवणारं कूलंट टाकीत खुणेपर्यंत भरावं, आणि चार दिवसांनी झाकण उघडावं तर पातळी खाली गेलेली. जमिनीवर थेंब नाही, ऑइलमध्ये पाणी नाही, मागच्या नळीतून पांढरी वाफ नाही. गाडी इतकी साळसूद दिसायला लागली की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय.

अशा वेळी मी नेहमी करतो तेच केलं. आतल्या दाराकडे तोंड करून बायकोला हाक मारली. मग आठवलं, ती इथे नाही.

लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेली ती. दोन महिन्यांत येते म्हणाली होती. नात आता भिंत धरून उभी राहते. लेक कामावर जाते, जावई सदा फिरतीवर, आणि आमच्या गॅरेजचं नाक तिकडे परमुलखात बसलंय. नाक म्हणजे खरोखरच नाक. माझं एका तापात कायमचं गेलं. पेट्रोलच्या डब्यात तोंड घातलं तरी मला काही कळत नाही. ती मात्र बॉनेटखाली वाकायची, डोळे मिटायची आणि सांगायची, "डाव्या अंगाला, खाली. गोडसर येतोय." कूलंटचा वास गोडसर असतो म्हणे. ती बोट ठेवील तिथे गळती. मी आपला पाना फिरवायचा धनी.

संध्याकाळी फोन लावला. एरवी आमचा फोन म्हणजे "जेवलात?" "जेवलो." "नात काय करतेय?" "झोपली." संपलं. आठवण येते वगैरे बोलणं मला कधी जमलं नाही. तिकडे तिची गरज होती, आणि माझे हातपाय धड होते. धडधाकट माणसाने ये ये म्हणून गळा काढावा कशाला? पण त्या दिवशी मी गाडीची अथपासून इतिपर्यंत कथा सांगितली. समोरची काच आतून चिकट, धूसर होते आणि डॉक्टरांना ती रोज पुसावी लागते, तेही सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आधी पाइपांचे सांधे बघा. एकेक. घाई करू नका. आणि उद्या सांगा मला."

उद्या सांगा! हे शब्द मला किती गोड लागले ते दातवाल्यांना कळलं असतं तर त्यांनी माझी दाढ तपासायला घेतली असती.

सांधे कोरडे निघाले. दुसऱ्या संध्याकाळी ती म्हणाली, पाण्याचा पंप बघा. मागे नात वाटी आपटत होती. "अगदी तुमच्यावर गेलीय," ती म्हणाली, "डबा दिसला की झाकण उघडायचं. परत लावायचं नाव नाही." मी फोन कानाशी इतका दाबून धरला की कान दुखायला लागला.

पंपही कोरडा. मग टाकीच्या तोंडाला हवेचा हातपंप जोडून दाब भरला. पंपावरचा दाबाचा काटा हळूहळू उतरत होता, आणि बाहेर कुठे ओल नाही. बाहेर नाही म्हणजे आत. गाडीत बसलो तर आरशाला अत्तराची बाटली लटकलेली. माणूस अत्तर उगाच लटकवत नाही. शेजारच्या सीटपुढचं मॅट उचललं, खालच्या गालिच्यावर हात ठेवला. ओला, चिकट. डॅशबोर्डच्या पोटात हीटरचा छोटा रेडिएटर असतो, त्यातूनही हेच कूलंट फिरतं; तो झिरपत होता. त्याचीच वाफ काचेवर बसत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी मॅट होतं तसं खाली ठेवलं. संध्याकाळी तिला म्हणालो, "नाही गं सापडली अजून."

दातवाले दारात येऊन उभे राहायचे. "मिस्त्री, एवढ्या वेळात मी अख्खी कवळी बसवतो."

"मग बसवा की इंजिनाला," मी म्हणालो. पण शेवटी ते चिडले, उद्या गाडी दुसरीकडे नेतो म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं. माझ्या संध्याकाळी जाव्यात म्हणून त्यांनी का पायपीट करायची? डॅशबोर्ड उतरवला, नवा रेडिएटर बसवला, पुन्हा दाब भरला. काटा जागचा हलला नाही. एरवी अशा वेळी मी शीळ घालतो. त्या दिवशी नुसता पाने पुसत बसलो.

"सापडली," मी फोनवर म्हणालो.

"हीटरचा रेडिएटर ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. काच चिकट होते म्हणालात ना, पहिल्याच दिवशी."

माझा पारा चढला. "मग मला सांधे कशाला चाचपायला लावलेस? तो पंप कशाला?"

"तेव्हाच सांगितलं असतं तर 'बरं' म्हणून फोन ठेवला असतात." तिचा आवाज बारीक झाला. "आणि तुम्ही हो? इतकी वर्षं गाड्या उघडताय. मॅट कधी उचललंत?"

आता खोटं बोलून उपयोग नव्हता. "परवा."

"परवा!" ती खूप हसली आणि मधेच थांबली. "बाळाला सांभाळायला बाई मिळालीय चांगली. लेक म्हणते, आई, तुला जायचं असेल तर जा. पण तुम्ही एकदाही ये म्हणाला नाहीत. मला वाटलं, माझ्यावाचून भागतंय तुमचं."

"नाही भागत," मी म्हणालो. "दूध जळून भांड्याचा कोळसा होतो आणि मी शेजारच्या खोलीत खुशाल पेपर वाचत असतो. घरात बोलायला कोणी नाही. तुझी फार आठवण येते गं. ये."



"हे सांगायला दातवाल्यांची गाडी गळावी लागली होय?" ती म्हणाली, आणि नाक ओढल्याचा आवाज आला. "येते."

सकाळी दातवाले गाडी न्यायला आले. बाकावरचा जुना रेडिएटर बघून म्हणाले, "हे भंगारात टाका." मी टाकला नाही. फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलाय. रोज एकदा काढून नाकाशी धरतो, काही येत नाही. ती आली की आधी तिच्या नाकाखाली धरणार आहे आणि विचारणार आहे, अजून गोडसर येतोय का.