अतिगोपनीय

"आवं साहेब, आमच्या पोरीचा आवाज तेवढा काढून द्या," खुर्चीच्या कडेला टेकत नाथाजी म्हणाले.

शांतिनाथचा हात माउसवरच थांबला. सांगलीच्या त्या विद्यापीठात संगणकातल्या माहितीची वर्गवारी आणि राखण हे त्याचं काम. खुली, कार्यालयीन, गोपनीय, अतिगोपनीय. या कामाचं त्याला इतकं वेड, की घरच्या लोणच्याच्या बरण्यांनाही त्याने चिठ्ठ्या डकवल्या होत्या. लिंबाचं खुलं, कैरीचं अतिगोपनीय. मग बायको चंदनबालाही वाढताना पासवर्ड विचारायची, आणि चुकला की गडी उपाशी झोपायचा. खोटं वाटत असेल तर तिलाच विचारा.

"कुणाचा आवाज, आबा?"

"सृष्टीचा. आष्ट्याची. तिनं घरनं फोनवर तोंडी परीक्षा दिली व्हती न्हवं? ती तुमच्याकडं भरून ठेवलीया म्हनं. तवा मी दाराआड हुबा व्हतो. लय धडाधड बोलली गड्या! मग गाडीवरनं पडून गेली. फोनचाबी चुरा झाला. घरात फोटो हायती, पर फोटो बोलतोय व्हय?"

त्या रेकॉर्डिंगमध्ये पोरांचे चेहरे, आवाज, मागची घरं. भलत्याच्या हाती लागू नये म्हणून शांतिनाथनेच ती अतिगोपनीय ठरवली होती. निकाल लागला की अतिगोपनीय ते कायमचं पुसायचं, हा नियमही त्यानेच सुचवलेला. आज सकाळीच, चहा निवायच्या आत, त्याने सगळं पुसून टाकलं होतं.

"आबा, ते अतिगोपनीय हाय. कुनालाच देता येत न्हाई."

"बापालाबी?"

"कुलगुरूंनाबी न्हाई."

हा माणूस आता टेबल उलथवणार, असं शांतिनाथला वाटलं. उलथवलं असतं तर बरं झालं असतं. नाथाजी मात्र ताठ बसले.

"फौजेत मी दारूगोळ्याच्या कोठारावर पहारा दिलाय, साहेब. आत काय हाय ते आमालाबी दावत नसत. मोलाचं असंच ठेवत्यात." ते पुढे वाकले. "पर, आत हाय न्हवं?"

"हाय."

"नीट ऱ्हाईल?"

"मी हाय की, आबा."

"खोली कंची?"

शांतिनाथने सर्व्हरच्या खोलीकडे बोट केलं. नाथाजींनी चपला काढल्या, दारासमोर टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला. मग चपला पायात सरकवून ते आष्ट्याच्या एसटीकडे निघाले.

आत यंत्रांचे पंखे घुमत होते. शांतिनाथ उठला, त्या दाराला त्याने कुलूप घातलं आणि दोनदा ओढून पाहिलं.