वाढत्या हाताचं पिस्तूल

पाथरीत माझं शिलाईचं दुकान आहे आणि जून महिन्यात माझ्याशी कुणी वाद घालायला येऊ नये. त्या महिन्यात शाळेचे गणवेश असतात. सव्वीस वर्षं मी पोरांची मापं घेतोय. प्रत्येक आई दुकानाची पायरी चढायच्या आधीच ओरडते, "आश्रुबा भाऊ, वाढतं अंग हाय, जरा मोठंच शिवा!" तिनं नाही सांगितलं तरी मी मोठंच शिवतो. दोन बोटं कापड आत दाबून ठेवायचं आणि पोरगं वाढलं की उसवून मोकळं करायचं. या कामात मला कुणी खोडून काढलेलं नाही, त्यामुळं बाकीच्या कामांतही मला कुणी खोडू नये असं मला वाटायला लागलं होतं.

माझी एकुलती एक मुलगी धम्मशीला, घरात शीला. रोज एसटीनं जाऊन-येऊन परभणीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एनसीसीत असताना तिला नेमबाजीचा नाद लागला. दहा मीटरवर कागदाचं टार्गेट, हातात हवेचं पिस्तूल आणि एक हात लांब करून छर्रा मारायचा. दोन वर्षं ती क्लबचं पिस्तूल वापरत होती. त्याची मूठ एखाद्या पैलवानासाठी केलेली असावी, शीलाची बोटं तिच्यावर जेमतेम पोचायची. तरी पोरीनं विभागात दुसरा नंबर काढला. तेव्हा तिचे प्रशिक्षक योगीराज सर मला म्हणाले, "पुढच्या महिन्यात राज्याची स्पर्धा आहे. उसन्या पिस्तुलावर ती इथवर आली, हेच लय झालं. आता तिला तिचं स्वतःचं घेऊन द्या."

पिस्तूल म्हटल्याबरोबर शेजारचा भागवत दुकानात आला. "काय हो, निवडणुकीला उभं राहायलाव का?" त्याला समजावलं की हे हवेचं आहे, याला परवाना लागत नाही. पण त्याच्या तोंडाकडं बघून माझाच जीव घाबरा झाला आणि मी ठाण्यात जाऊन विचारून आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशी हवालदारानं मला चहा पाजला आणि म्हणाला, "आता पिस्तूल आणा तरी!"

पुण्याहून पिस्तुलं विकणारा एक जण एका रविवारी परभणीच्या नेमबाजीच्या रेंजवर येणार होता. त्या दिवशी घेतलं तरच ते स्पर्धेआधी हाताला बसणार, नाहीतर शीला पुन्हा पैलवानाचंच पिस्तूल घेऊन जाणार. आम्ही बापलेक सकाळच्या एसटीनं निघालो. मानवत गाव येईपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत हसत होती. मी कारण विचारलं नाही. मलाही हसू येत होतं.

त्या माणसानं टेबलावर पिस्तुलं मांडली. एक तोंडाकडं जड होतं, हात लांब केला की खाली ओढायचं. एकाचा घोडा शीलाला कडक वाटला. तिसरं तिनं उचललं आणि परत खाली ठेवायलाच तयार होईना. मी म्हटलं, झालं काम. पण नाही. त्या पिस्तुलाला लाकडी मूठ होती आणि मूठ तीन मापांत मिळत होती.

सर म्हणाले, "शीला, समोर उभी राहा. डोळे मीट, हात उचल, आता डोळे उघड. कुठं दिसतंय?"

लहान मुठीला नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, मागच्या खाचेत बरोबर दिसायची, तिनं काही न करता. मधल्या मुठीला ती डावीकडं सरकायची आणि शीलाला मनगट वळवून ती जागेवर आणावी लागायची. पाच-पाच छर्रे मारले. लहान मुठीचे पाचही एका रुपयाखाली झाकले असते. मधलीचे इकडंतिकडं पांगले होते.

मी पुढं झालो. "मधली द्या."

विकणारा माझ्याकडं बघत राहिला. "काका, लहान बसतीये की तिला."

"आज बसायलीय. उद्याचं काय? वाढतं अंग हाय पोरीचं."

"आश्रुबा भाऊ," सर म्हणाले, "यात मोठं घेऊन चालत न्हाई. मूठ हाताबरोबर पाहिजे."

"सर, तुमी नेम शिकवा. मापाचं मला नका सांगू. सव्वीस वर्षं मापंच घेतलीत."

शीलानं माझ्याकडं पाहिलं, मग लहान मूठ असलेलं पिस्तूल हळूच टेबलावर ठेवलं. "बाबा म्हणतेत तर मधलीच द्या," ती म्हणाली. हसू कुठल्या कुठं गेलं होतं. मी तेही पाहिलं, पण एकदा बोललो की मागं फिरायची मला सवय नाही.

"उचल बघू मधली," मी म्हटलं. "नीट धरली की बसंल."

तिनं समोर तोंड करून हात लांब केला. मी बाजूला उभा होतो. काखेखाली कुर्ता ताणला गेला आणि मला तिथली शिलाई दिसली. कुर्ता मी शिवलेला होता, शिलाई माझी नव्हती. कुणीतरी दोन्ही बाजूंनी चांगली दोन बोटं आत घेऊन हातानं धावदोरा घातला होता. टाके वाकडेतिकडे, एक लांब तर एक आखूड.

"हे कुनी केलं?"

तिनं पिस्तूल खाली ठेवलं. "मी."

"कवा?"

"तुमी शिवून दिलं की दरवेळी करते. चार वर्षं झाली." ती खाली बघत होती. "लय सैल होतेत बाबा. तुमाला वाईट वाटंल म्हणून सांगितलं न्हाई. मी आता वाढत न्हाई. वीस वर्षांची झाले." मग थांबून म्हणाली, "कपड्याला टाके घालता येतेत. याला कसं घालू?"

चार वर्षं. आख्ख्या तालुक्याच्या पोरांची मापं माझ्या बोटांवर, आणि घरातली पोर माझ्या डोळ्यांदेखत मोठी होऊन थांबली होती. रात्री दाराआड बसून सुई चालवत होती, सकाळी तोच कुर्ता घालून माझ्यासमोर चहा घेत होती आणि मी मनात म्हणत होतो, काय झकास बसलाय! मला लाज वाटली. तिला अजून वाढायचंय, म्हणजे ती अजून काही दिवस माझीच, असं काहीतरी मी मनाशी धरून बसलो होतो, हेही तेव्हाच कळलं. आणि एवढं सगळं मला वाईट वाटू नये म्हणून केलं, याचं इतकं बरं वाटलं की डोळे पुसायला मला भिंतीवरची सूचना वाचायचं निमित्त करावं लागलं.

विकणाऱ्याला कळेना काय चाललंय. त्यानं दोन्ही पिस्तुलं पुढं सरकवली. "मग काका, कुठली करू?"

"मला काय विचारायलाव?" मी खेकसलो. "हात तिचा हाय. तिला विचारा."

तो शीलाकडं वळला. ती माझ्याकडं बघत होती. मी मान हलवली नाही, हात मागं बांधून उभा राहिलो.

"लहान!" शीला म्हणाली.

इतक्या जोरात म्हणाली की पलीकडच्या लेनवर नेम धरलेल्या पोरानं पिस्तूल खाली घेतलं. घरात ती इतक्या मोठ्यानं बोललेली मला आठवत नाही.