भैरूचा घास

आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सगळ्यांच्या गाड्या असतात आणि आमचा भैरू असतो. भैरू म्हणजे गवत कापायचं पेट्रोलवरचं मशीन. लांब दांडा, त्याच्या एका टोकाला फिरणारं पातं, दुसऱ्या टोकाला इंजिन, आणि हे सगळं लटांबर पट्ट्यानं खांद्याला अडकवायचं. पप्पांच्या स्कूटरशेजारी ते जुन्या चादरीत गुंडाळून उभं असतं. नवीन भाडेकरू आले की पहिल्या रात्री हमखास दचकतात.

खरा भैरू हा आबांचा शेवटचा बैल. मी त्याला पाहिलेलं नाही. जिथे त्याचा गोठा होता तिथे आता आमची लिफ्ट आहे. कोथरूड सरकत सरकत आमच्या गावापर्यंत आलं, शेतावर बिल्डिंग उभी राहिली, आणि आम्ही आमच्याच शेतात दुसऱ्या मजल्यावर राहायला गेलो. राहिलं ते फक्त मुक्ताईचं देऊळ आणि त्याच्यापुढचं मोकळं रान. त्या रानासाठीच आबांनी हे मशीन आणलं. पहिल्याच दिवशी ते काही केल्या सुरू होईना, तेव्हा आबा म्हणाले होते, "ह्यो तर भैरूच हाय. मनात आलं तरच उठणार." झालं, तेच नाव पडलं.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मुक्ताईच्या रानातलं गवत काढायचा मान आमच्या घराचा. आबांच्या आजोबांपासूनचा. आणि आमच्याकडे बैलपोळाही त्याच दिवशी, भाद्रपदाच्या अमावास्येला. म्हणून दिवसा गवत आणि संध्याकाळी बैलाची पूजा, असा शिरस्ता. बैल गेला तरी आबांनी पूजा सोडली नाही. हळद-कुंकू, हार, पुरणपोळी, सगळं मशीनला. माझ्या मैत्रिणींना हे सांगितलं तर त्या हसून लोळतात. लोळू देत! त्यांच्या आजोबांना व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंग पाठवण्यापलीकडे काही येतं का?

या वर्षी मात्र गडबड झाली. उन्हाळ्यात आबांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं की झटका बसेल असं काहीही करायचं नाही. भैरू तर दोरी ओढल्याशिवाय सुरूच होत नाही, आणि दोरी म्हणजे नुसता झटका. पप्पांनी सकाळी एकदा ओढून पाहिली, त्यांचं कोपर खांबावर आपटलं, आणि "हे भंगारात घाला" असं म्हणून ते झेंडूची फुलं आणायला मंडईत निघून गेले. आजी म्हणाली, "आता ह्यो दुपारपत्तुर येत न्हाई. फुलं घेतोय का पिकवतोय देव जाणे."

तेवढ्यात यज्ञेश्वर काका खाली आले. ते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आणि देवळाच्या कमिटीचेही. त्यांचं बोलणं इतकं शुद्ध असतं की रागावलेत का विचारपूस करतायत ते कळत नाही.

"आबा, आपलं यंत्र यंदा उपास धरून बसलंय असं ऐकतो."

"उठंल. येळ लागतोय."

"वेळच नाहीये हो. उद्या पहाटे घट बसायचेत, आणि ते गवतात बसवता येत नाहीत. ठेकेदाराची माणसं मी सांगून ठेवली आहेत. ऊन कलेपर्यंत रान मोकळं झालं नाही, तर माझा नाइलाज आहे."

आबा भैरूच्या दांड्यावरची धूळ पुसायला लागले. पण त्यांचा चेहरा मी पाहिला. मान एकदा घरातून गेला की परत येत नाही. आमच्याकडे पूर्वी ढोलाचाही मान होता. एका वर्षी घरात कुणी आजारी होतं म्हणून तो दुसऱ्यांनी वाजवला, आणि अजूनही तेच वाजवतात. आबांना ढोल ऐकू आला की ते आत जाऊन टीव्हीचा आवाज वाढवतात.

"आबा, मी ओढते दोरी," मी म्हणाले.

आता हे माझं नवीनच आहे. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा अशा आवाजात द्यायचे की बाईंनी मला दोनदा गैरहजर लावलं होतं. पण यंदा पीटीच्या सरांनी सहज माझ्या हातात गोळा दिला, मी तो फेकला, आणि तो सरांच्या चहाच्या टेबलापाशी जाऊन पडला! मग झोनच्या गोळाफेकीत पहिला नंबर. तेव्हापासून कुणी "कोण करेल?" म्हटलं की मी आधी "मी" म्हणते आणि मग काय करायचंय ते विचारते.

आबांनी बैलबाजारात चाचपतात तसा माझा दंड चाचपला. "हात ठीक हाय शेफे. पण अक्कल दंडात नसती."

मी भैरूवर पाय रोवला, दोरीची मूठ धरली आणि दिली सणसणून ओढून. काहीच झालं नाही. पुन्हा ओढली. पुन्हा. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून यज्ञेश्वर काकांचा आवाज आला, "शेफाली, तो गोळा नव्हे. दोरी आहे. ती परत आणायची असते."

"पैलवानकी थांबव," आबा म्हणाले. "आधी त्याच्या पोटात काय हाय बघू." त्यांनी टाकीचं झाकण उघडून वास घेतला. "वरसाचं शिळं पेट्रोल! शिळं खाऊन कोण उठंल?"

मग आम्ही जुनं पेट्रोल काढलं. पप्पांनी सकाळी आणलेल्या ताज्या पेट्रोलमध्ये आबांनी ऑईल मिसळून ते भरलं. प्लग काढला तर काळाकुट्ट. तो मी पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केला.

"आता हळू ओढ," आबा म्हणाले. "कुठं अडतंय ते हाताला कळू दे. अडलं? तितंच थांब. त्याला वाटू दे तू सोडून दिलंस. आता, हाण!"

खुर्र.

"हाय, जित्ता हाय! परत."

खुर्र... खुर्र... ढर्रर्रर्र!

सगळं पार्किंग निळ्या धुरानं भरलं, कुणाच्यातरी कारचा भोंगा बोंबलायला लागला आणि मी नाचले. खरंच नाचले, आजी साक्षीला आहे. मग आम्ही वरात काढली. डोक्यात पप्पांचं हेल्मेट काच खाली करून, पायात त्यांचे कंपनीचे बूट, आत मोज्यांचे दोन जोड. आबांनी तयारी झाल्याशिवाय पात्याजवळ जाऊच दिलं नाही. "बैलाच्या मागनं आन् पात्याच्या म्होरनं जायचं न्हाई," हा त्यांचा नियम.

रानात गवत माझ्या कमरेपर्यंत आलं होतं. भैरू सुरू केला, पहिला पट्टा कापला, दुसरा सुरू केला... आणि भैरू खोकला, ढेपाळला, बंद.

दोरी ओढली. ढिम्म. परत प्लग काढला, पुसला, टाकीत पेट्रोल आहे ना म्हणून झाकण उघडलं. फुस्स असा आवाज आला.

"उसासा टाकतोय," आबा म्हणाले.

झाकण लावलं, दोरी ओढली, भैरू लगेच सुरू. थोडं गवत, आणि बंद. पुन्हा प्लग, पुन्हा झाकण, पुन्हा उसासा, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मी फोनवर व्हिडिओ लावला. त्यात एक टोपीवाला माणूस त्याच्या हिरव्यागार अंगणात उभा राहून हसत हसत सांगत होता की हे अगदी सोपं आहे. मला त्याला गोळा फेकून मारावासा वाटला. आबांनी तर सगळे उपाय केले. चोक ओढून, चोक ढकलून, आडवा करून, उभा करून. शेवटी त्याच्या कानात काहीतरी पुटपुटलेसुद्धा.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"आमचं हाय ते."

देवळाची सावली रानावर पसरायला लागली. गवत अजून अर्ध्याहून जास्त तसंच होतं. यज्ञेश्वर काका हातात फोन घेऊन आले आणि नुसते उभे राहिले. नुसतं उभं राहूनही टोमणा मारता येतो हे मी त्यांच्याकडून शिकले.

आबा देवळाच्या पायरीवर बसले. डावा हात त्यांनी भैरूच्या इंजिनावर ठेवला होता, ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"लावा फोन," ते म्हणाले. "दमलाय तो. मी बी दमलोय."

"आबा, नाही!"

"शेफे, बसलेल्या बैलाला मारून उठवायचं नसतं."

मला इतकं रडू आलं की हेल्मेटची काच आतून धुरकट झाली. हेल्मेट काढून मी मुकाट्यानं खाली बसले आणि उगीचच, हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून, झाकण उघडलं. फुस्स. बंद केलं. आजी आमच्यासाठी ज्यूसचे छोटे खोके घेऊन आली होती. माझ्या हातात तिनं एक कोंबला, "पी आधी, तोंड बघ कसं झालंय." मी स्ट्रॉ खुपसली आणि रागानं ओढायला लागले. खोक्याची गालफडं आत गेली. अजून ओढलं, तर ज्यूस येईचना. तोंड काढलं. फुस्स.

मी खोक्याकडे पाहिलं. भैरूकडे पाहिलं.

"आबा! हा उसासा टाकत नाहीये! हा श्वास घेतोय!"

"काय?"

"आतलं पेट्रोल संपत जातं तशी टाकीत बाहेरून हवा जायला पाहिजे ना? नाहीतर पेट्रोल खाली येणारच नाही! झाकण उघडलं की हवा जाते, म्हणून हा थोडा वेळ चालतो, आणि मग गुदमरतो! झाकणाला कुठेतरी भोक असणार, काका, थांबा, प्लीज फोन लावू नका!"

"मी अजून नंबर शोधतोय," काका म्हणाले. नंबर समोरच दिसत होता.

झाकण मी उन्हात धरलं. मधोमध एक बारीक खळगा होता, आणि त्यात कुंकवाच्या थराखाली काहीतरी तपकिरी, दगडासारखं घट्ट बसलं होतं. आजीच्या अंबाड्यातला आकडा ओढून मी कोरायला लागले. एक खडा निघाला. मग दुसरा. खाली सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं.

आजीनं तो खडा तळहातावर घेतला, बोटांनी चुरडला आणि नाकाशी नेला. मग तिनं आबांकडे पाहिलं.

"माझं पुरण हाय ह्ये."

आबांनी नजर देवळाच्या कळसाकडे वळवली.

"गेल्या पोळ्याचं," आजी म्हणाली. "जायफळ कळतंय अजून. तुम्ही ह्याला घास भरवला व्हय? झाकणात?"

"मग कुठं भरवणार?" आबा म्हणाले. "तेच तोंड न्हवं का त्याचं? रिकाम्या तोंडानं ठेवायचं का त्याला सणाला?" आणि मग त्यांचा आवाज खाली आला. "बैलाला मुसकं बांधत्यात ते त्यानं खाऊ नये म्हणून. मी खायला घालूनच मुसकं बांधलं की गं."

मला हसू आवरेना. आबा आधी रागावले, मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या, आणि मग ते एवढे हसले की आजीला त्यांचा दुखरा खांदा धरून ठेवावा लागला.

आकड्यानं भोक साफ केलं, फुंकर मारली, झाकण लावलं. दोरी हळू ओढली, अडली तिथं थांबले, आणि हाणली. ढर्रर्रर्र! एक पट्टा. दुसरा. तिसरा. भैरू थांबायचं नाव घेईना. आबा लांबून, पात्यापासून अंतर ठेवून, माझ्याबरोबर चालत होते आणि डावा हात वर करून ओरडत होते, "हाऽऽ! सरळ ने! आता वळव, वळव त्याला! हाऽऽ माझ्या राजा!" त्यातलं राजा मला होतं का भैरूला, ते मी विचारलं नाही.

यज्ञेश्वर काका एका कानावर हात ठेवून फोनवर बोलत होते, "नाही, येऊ नका. अहो, बैल उठलाय. बैल! असू दे, तुम्हाला नाही कळायचं."

दिवेलागणीच्या आत रान मोकळं झालं. कापलेल्या गवताचा ओला वास सुटला होता आणि माझे दोन्ही हात अजून भैरूसारखेच थरथरत होते. रिवाजाप्रमाणे काका देवळातून मानाचा नारळ घेऊन आले आणि त्यांनी तो आबांपुढे धरला. आबांनी हात पुढे केला नाही.

"माझा खांदा उचलत न्हाई. तिच्याकडं द्या."

काका घुटमळले. "आबा, आजवर मुलीच्या हातात नारळ दिल्याचं मला तरी आठवत नाही."

"दोरी पोरीच्या हातात व्हती, तवा तुम्ही गॅलरीतच व्हता की. ते तरी आठवतंय का?"

काकांनी एकदा आबांकडे पाहिलं, एकदा रानाकडे. मग नारळ माझ्या हातांत ठेवला. "धर नीट," ते म्हणाले. "आणि पुढच्या वर्षी जरा लवकर सुरू करा. कुणाला सांगायचं ते आता ठाऊक झालंय."

पप्पा झेंडूची पिशवी घेऊन आले तेव्हा आम्ही पार्किंगमध्ये भैरूला पुसत होतो. त्यांनी माझ्या पायातले त्यांचे बूट पाहिले, नारळ पाहिला, आणि काही न विचारता पिशवीतला सगळ्यात मोठा हार काढून दिला. आबांनी भैरूच्या मुठींना हळद-कुंकू लावलं, पाठीवर झूल म्हणून नवी चादर घातली. आजी गरम पुरणपोळी घेऊन खाली आली, वर तुपाची धार.

आबांनी घास मोडला आणि सवयीनं हात सरळ झाकणाकडे नेला. मी झटकन झाकणावर तळहात ठेवला.

"मग?" आबा म्हणाले. घास हवेतच. "उपाशी ठेवू व्हय त्याला? राबलाय बिचारा दिवसभर."

मी आ केला.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग कुंकवानं माखलेलं बोट माझ्या कपाळावर टेकवलं, आणि भैरूचा घास माझ्या तोंडात घातला.

"आता हात काढू का?" मी तोंड भरलेलं असतानाच विचारलं.

"अजाबात न्हाई," आजी म्हणाली. "ताटात अजून पोळी हाय, आन् ह्यांचा भरवसा न्हाई."