सासऱ्यांवर गेलेला झूम

क्रेनवाल्याचं आणि त्याच्या बायकोचं घोडं दुकानात दोन कॅमेऱ्यांपाशी अडलं होतं. दोन्ही खिशात मावतील असे, किमतीही जवळपास सारख्या, आणि त्यांना परवडणार होता एकच.

त्याला हवा होता तीसपट झूमवाला. दिवसभर तो बांधकामावरच्या उंच क्रेनच्या केबिनमध्ये एकटा बसायचा. खाली सळ्यांचे भारे आणि पिवळी हेल्मेटं, समोर मात्र अख्खं शहर. एका बंद कारखान्याच्या धुराड्यावर ससाण्याच्या जोडीनं घरटं केलं होतं. डबा मांडीवर घेऊन तो त्यांच्याकडे बघत बसे. घरी येऊन कितीही रंगवून सांगितलं, तरी बायको "हो का? छान" म्हणून कांदा चिरत राहायची.

ती बालवाडीत शिकवायची. तिच्या वर्गात उजेड कमी आणि मुलांच्या पायांना भिंगरी. मोबाइलवरच्या तिच्या फोटोंत मुलांच्या जागी नुसते रंगीत फरकाटे उमटत. म्हणून तिला दुसरा हवा होता. झूम जेमतेम चारपट, पण अंधुक खोलीतही लख्ख फोटो काढणारा.

"चारपट म्हणजे काय गं? तेवढं मला मान पुढे केली तरी दिसतं."

"मग करा की मान पुढे. फुकटात होईल."

दुकानदार सोशिक होता. त्यानं दोन्ही कॅमेरे चालू करून हातात दिले. "दारात उभे राहून बघा. मग ठरवा."

क्रेनवाल्यानं तीसपटवाला उचलला आणि समोरच्या चौकावर रोखला. आधी कबूतर दिसलं, पिसांसकट. मग कारंज्याचा कठडा. मग बाकावर कुणाचा तरी बूट, वर चॉकलेट आइस्क्रीमचा कोन, आणि त्याच्याही वर आइस्क्रीमनं माखलेली ओळखीची पांढरी मिशी.

सासरेबुवा! सासूबाई गेल्यापासून ते यांच्याकडेच राहत. रोज संध्याकाळी गुडघ्यासाठी चालायला जातो म्हणून बाहेर पडत. साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं. आणि आत्ता शेजारी बसलेल्या एक बाई हातरुमालानं त्यांची मिशी पुसत होत्या.

"काय दिसतंय एवढं?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. कबूतर."

"कबूतर बघून घाम फुटतो तुम्हाला?"

तिनं कॅमेरा ओढूनच घेतला. आता आभाळ कोसळणार, म्हणून तो दोन पावलं मागे सरकला. पण तिनं कॅमेरा चौकावरच धरून ठेवला.

"बाबा हसतायत," ती शेवटी हळूच म्हणाली. "मान मागे टाकून. घरी असं कधी हसतात का हो?"

घरी सासरे हसायचे ते समोरच्याला बरं वाटावं म्हणून.

"आपण हाच घेऊ या," ती म्हणाली.

"तीसपटवाला? छे! म्हणजे रोज बाबांवर पाळत ठेवायची? तुझा घेऊ."

"अहो, पण तुमचे ससाणे?"

"अगं, पण तुझी मुलं?"

दुकानदारानं कपाळावर हात मारला. "मघाशी तुम्ही दोघं उलट्या बाजूंना होतात ना?"

बायकोला वडिलांना असं चोरून बघणं पटेना. ती दुकानाच्या पायरीवर आली आणि वर्गातल्या आवाजात ओरडली, "बाबा!" चौकातली कबुतरं उडाली. कोन पाठीमागे गेला. थोड्या वेळानं दोघं रस्ता ओलांडून आले, शाळेत उशिरा पोचलेल्या मुलांसारखे.

"या चष्मेवाल्या बाई," सासरे घसा खाकरून म्हणाले. "माझा चष्मा यांनीच केला."

"आणि आइस्क्रीम?"

"आइस्क्रीम माझं होतं," बाई घाईनं म्हणाल्या. "त्यांनी फक्त धरलं होतं."

"मिशीनं?"

आधी बाईंनाच हसू फुटलं, मग सगळ्यांना. त्या हसण्यातच सासऱ्यांनी उरलेलं सांगून टाकलं. चालणं वगैरे काही नव्हतंच. दोघं नाचाच्या वर्गाला जात होते आणि शनिवारी वर्गाचा कार्यक्रम होता. "गुडघा दुखतो म्हणून तू मला अडवशील, असं वाटलं गं."

"अडवलंच असतं. बरं, कार्यक्रम कुठे आहे?"

"जुन्या सभागृहात," बाई म्हणाल्या. "तिथे दिवे अगदीच मिणमिणते. पण एखादा तरी फोटो हवाय हो आम्हाला."

"आणि तो लांबचं बघणारा तेवढा घेऊ नका," सासऱ्यांनी हात जोडले.

मिणमिणत्या दिव्यांपुढे वादच उरला नाही. चारपटवाला घ्यायचं ठरलं. क्रेनवाल्यानं तीसपटवाला काउंटरवर परत ठेवला खरा, पण त्याचा हात क्षणभर त्यावर रेंगाळला. बायकोनं ते पाहिलं आणि ती त्याच्या दंडाला धरून उभी राहिली.

शनिवारी चारपटचा झूम पुरेना. फोटो काढता काढता क्रेनवाला पुढे सरकत गेला, तो थेट नाचणाऱ्यांच्या मधोमध पोचला. चष्मेवाल्या बाईंनी त्याचा हातच धरला. "आलाच आहात, तर पावलं टाका!" कॅमेरा बायकोच्या हाती गेला आणि तिनं नंतर कुणाचंही ऐकलं नाही. फोटो सगळे लख्ख आले. सासऱ्यांची गिरकी, बाईंची उडणारी ओढणी, आणि क्रेनवाल्याचा बूट बाईंच्या पायावर पडला, तो क्षणही.

"हा मोठा करून भिंतीवर लावायचा," सासरे म्हणाले आणि मान मागे टाकून हसले.

"बघतोच कोण लावतंय ते," क्रेनवाला म्हणाला आणि फोटो पुसायचं बटण शोधू लागला.