पाच महिन्यांनंतरची साक्ष

गुरुवारी सकाळी सिन्नेला लोकरीचे मोजे चढवताना तोरूनला लेकीच्या डाव्या हाताची बोटं आखडलेली दिसली, आणि पुढचं सगळं तिला आधीच कळलं. तिनं दोन वर्षांच्या त्या जिवाला कुशीवर वळवलं, गालाखाली आपला तळहात दिला आणि घड्याळ पाहिलं. सात बावीस. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही तर गालात सोडायचं औषध कपाटाच्या वरच्या फळीवर, पाहुण्यांच्या चादरींमागे होतं. नाताळात तिनंच ते तिथं सारलं होतं. प्रभूवर भरवसा ठेवायचा तर पुरता ठेवायचा, म्हणून.

"आयविन," तिनं नवऱ्याला हाक मारली, "चादरींमागे बघ. निळी पिशवी."

औषध द्यावं लागलं. सात तीसला सिन्नेचं अंग सैल पडलं. दुपारी ती उठली ती तपकिरी चीज लावलेला पाव मागतच. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, घाबरू नका, सोमवारी तपासायला आणा.

आयविननं कॉफी ओतली. तो बेटापलीकडच्या सॅमन मासे पाळायच्या पिंजऱ्यांवर कामाला होता. देवाशी त्याचं भांडण नव्हतं, ओळखच नव्हती. "म्हणजे वॉरंटी पाच महिन्यांचीच होती," तो म्हणाला. मग बायकोचा चेहरा पाहून कप खाली ठेवत पुटपुटला, "चुकलं. उगाच बोललो."

"उगाच नाही," तोरून म्हणाली. "माझ्याही डोक्यात तेच चाललंय."

पहिली आकडी ऑक्टोबरातली, अकरा मिनिटांची. बर्गनच्या इस्पितळाकडे निघालेल्या रुग्णबोटीत तोरूननं आयुष्यात पहिल्यांदा प्रार्थना केली होती. प्रार्थना कसली, नुसतं 'थांबव' म्हणत राहिली होती. आणि आकडी थांबली होती. पुढच्याच रविवारी ती बेटावरच्या प्रार्थनागृहात जाऊन मागच्या बाकावर बसली आणि तिथलीच झाली. रोज सकाळी पवित्र शास्त्रातला एक अध्याय, निजताना प्रार्थना, बुधवारी प्रार्थनेचं वर्तुळ. एकही खाडा नाही. लेकीच्या औषधाच्या वेळा पाळाव्यात तसं तिनं हे सगळं पाळलं होतं.

आणि येत्या रविवारी तिची साक्ष होती. नव्या विश्वासणाऱ्यानं सगळ्यांसमोर उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं, ही तिथली रीत. प्रचारक माग्ने यांनी दुकानाच्या दारावर कागदही चिकटवला होता: 'देवानं माझ्या लेकीला बरं केलं.' खाली कॉफी आणि गरम गोड वाफल मिळतील असं लिहिलेलं.

दिवसभर तोरून चूक शोधत राहिली. मंगळवारी प्रार्थना अर्ध्यावर असताना डोळा लागला होता. बुधवारी माग्नेंचा सूर चुकला तेव्हा ती ओठ दाबून हसली होती. ते असेल का?

शुक्रवारी माग्नेंचा फोन आला. छोटं बेट, बातमी पोचली होती. माणूस मायाळू. आधी त्यांनी सिन्नेची चौकशी केली, मग खाकरले. "मी काय म्हणतो, तोरून, साक्ष पुढं ढकलू या. पोर नीट होऊ दे. लोक हुरूप घ्यायला येतात, त्यांचा विश्वास डळमळायला नको."

"उद्या सांगते," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय. आणि याच गोष्टीची तिला भीती वाटली. हा रविवार टाळला तर पुढचाही टळेल. मग बुधवार. मग एक दिवस शास्त्राचं पुस्तकही चादरींमागे जाईल.

शनिवारी प्रार्थनागृह पुसायची पाळी तिची आणि बोर्गहिलमावशींची होती. मावशी ब्याऐंशी वर्षांच्या. अख्खं बेट त्यांना मावशीच म्हणायचं. त्या स्टुलावर चढून वर्तमानपत्राच्या बोळ्यानं खिडकी चोळत होत्या.

"उतरा खाली, मी करते," तोरून म्हणाली.

"तू खालच्या काचा कर. आणि तोंड असं आंबवून काचा पुसू नकोस, डाग पडतात."

तोरून बराच वेळ एकच काच पुसत राहिली. मग मंगळवारची झोप आणि बुधवारचं हसू तिनं एका दमात सांगून टाकलं.

मावशींनी चोळणं थांबवलं. "म्हणजे तू पेंगलीस म्हणून देवानं लेकराला आकडी आणली?"

"तसं नाही, पण…"

"तसंच म्हणतेयस. असला देव असता ना पोरी, तर साठ वर्षं मी त्याच्या खिडक्या पुसल्या नसत्या. फोडल्या असत्या." त्या सावकाश खाली उतरल्या आणि स्टुलावरच बसल्या. "मीसुद्धा साक्ष दिलीय इथं. वादळातून माझा नवरा, अँडर्स, होडीसकट परत आला, ती. लोक रडले होते. पुढच्या हिवाळ्यात त्याच समुद्रानं त्याला नेलं."

तोरूनच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "मग?"

"मग मी रविवारी आले. बसले. कुणाला माझ्याकडे बघवेना. जणू मी आधी खोटं बोलले होते. साक्ष दे म्हणून परत कुणी मागं लागलं नाही. गोष्ट बिघडली की ती कुणाला ऐकायची नसते."

"तुम्ही आपणहून का नाही सांगितलीत?"

"धीर झाला नाही," मावशी म्हणाल्या. "अँडर्स नसतानाही तो मला सोडून गेला नाही, हे सांगायचं होतं. देव म्हणतेय मी. पन्नास वर्षं राहिलंय. ती बादली दे इकडे."

घरी जाताना तोरूननं माग्नेंना फोन लावला. "मी उद्या बोलणार आहे. दुकानाच्या दारावरचा कागद तेवढा काढा."

माग्नेंनी विचारलं, "काय बोलणार आहेस?"

"जे झालं ते."

रविवारी आयविननं गाडी प्रार्थनागृहाच्या दाराशी उभी केली. एरवी तो तिला सोडून बंदरावर फिरायला जायचा. आज त्यानं सिन्नेला कडेवर घेतलं आणि मागून चालू लागला.

"तू आत येतोयस?"

"तू वर उभी असताना काही झालं तर? औषध कोण देणार, माग्ने?" तो म्हणाला. "गाणार मात्र नाही."

तीसेक माणसं असतील. गाणं झालं, माग्नेंनी तिचं नाव घेतलं आणि जमिनीकडे पाहत बाजूला सरले. तोरून पुढं गेली. रात्री लिहिलेला कागद तिनं उघडलाच नाही. तिची नजर सवयीनं आधी सिन्नेच्या डाव्या हाताकडे गेली. तो हात वडिलांच्या दाढीत होता.

"माझी लेक बरी झाली असं मी आज सांगणार होते," ती म्हणाली. "ती बरी झालेली नाही. गुरुवारी आठ मिनिटं आकडी होती. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. म्हणजे इतके महिने मी देवावर विश्वास ठेवत नव्हते. मी खाडा करायचा नाही, मग तोही करणार नाही, असा सौदा करत होते. तो सौदा मोडला."

कुणीतरी खोकलं. तिनं पहिल्या बाकाची कड धरली.

"गुरुवारी आकडीच्या चौथ्या मिनिटाला मी पुन्हा प्रार्थना केली. 'थांबव' म्हटलंच, आई आहे मी. पण नंतर म्हटलं, नाही थांबवलंस तरी तू इथून जाऊ नकोस. आणि मी एकटी नव्हते. माझ्याकडे एवढंच आहे. सोमवारी डॉक्टरांकडे जाणार, औषध देणार, आणि बुधवारी इथं येणार. पुढच्या रविवारीही. आकडी आली तरी."

ती बसली. टाळ्या तिथं वाजवत नाहीत, पण 'आमेन' म्हणतात. आज तेही कुणी म्हणेना. माग्ने गाण्याच्या वहीची पानं उलटत राहिले. मग पहिल्या बाकावरून बोर्गहिलमावशी उठल्या.

"माझीही एक साक्ष राहिलीय," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्षांची आहे. वाफल जरा थंड होतील."

वाफल अगदी गारढोण झाले.

नंतर प्रार्थनागृहाच्या स्वयंपाकघरात तोरूननं निळी पिशवी टेबलावर ठेवली आणि बायकांना जवळ बोलावलं. माग्नेही दारात येऊन उभे राहिले. "मी दर आठवड्याला येणार, तर हे सगळ्यांना यायला हवं," ती म्हणाली. "कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटं झाली की औषधाच्या नळीचं टोक गालाच्या आत, दातांच्या बाहेरून. मग हळूहळू दाबायचं." तिनं गुरुवारची रिकामी नळी पाण्यानं भरली. "कुणावर दाखवू?"

"माझ्यावर दाखव," मावशी म्हणाल्या. "थांब, कवळी काढते."

"कवळी राहू द्या, मावशी. सिन्नेला दात आहेत."

दारातून आयविन हसला. मावशींनी टेबलावर डोकं टेकून गाल पुढं केला. तोरूननं आधी घड्याळाकडे पाहिलं, मग नळी माग्नेंच्या हातात दिली.

"तुम्ही करा," ती म्हणाली. "मी बघते."