बापाचा आवाज ओळखते

जाम गावच्या चौकात प्रफुलचं ताडपत्रीचं दुकान आहे. हायवेवरचे ट्रकवाले ताडपत्री, दोर, हूक घ्यायला तिथं थांबतात. दुकानाच्या डोक्यावर लोखंडी अँगल टाकून, त्यावर लाकडी फळ्या ठोकून केलेली माडी, आणि तिथंच घर. वर जायला बाहेरून लोखंडी जिना. भरलेला ट्रेलर चौकात हळू झाला की घरातली भांडी खुळखुळतात. नव्या पाहुण्याच्या पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, घरच्यांना मात्र त्याचं काही वाटत नाही.

या घरात दोन लेकरं पोटातच गेल्यावर तिसऱ्यांदा गुंजन झाली. आता बापाला लेकीचं कौतुक असू नये असं कोण म्हणेल? पण कौतुकाला काही हद्द असते, प्रफुलच्या कौतुकाला ती नव्हती. पोरीनं जांभई दिली तरी चार दुकानांत बातमी. समोरचा चहावाला भैय्याजी तर पार वैतागला होता.

"अबे, हसली म्हणून कालच पेढे वाटले ना तू? आज काऊन?"

"काल झोपीत हसली होती. आज मले पाहून हसली."

भैय्याजीनं पेढा खाल्ला आणि गप्प बसला. खाल्ल्या पेढ्याला नावं कशी ठेवायची?

गल्ल्यामागच्या खांबावर प्रफुलनं तारखा लिहायला घेतल्या. ताडपत्रीवर माप टाकायचा काळा मार्कर, जो कशानंही निघत नाही, त्यानं. मान धरली. पालथी पडली. स्वतःच्या पायाचा अंगठा सापडला. हे अंगठा सापडणं तर त्यानं अर्धा दिवस दुकान सोडून पाहिलं होतं. पोर अंगठा तोंडाजवळ न्यायची, सुटला की चकित व्हायची, पुन्हा शोधायची. असं काही जगात पहिल्यांदाच घडतंय अशा तोंडानं बाप बघत बसला होता. आणि सप्टेंबरातल्या एका तारखेपुढे त्यानं लिहिलं, बापाचा आवाज ओळखते. खाली दोन रेघा मारल्या.

ते असं की दुपारी जेवायला प्रफुल जिना चढायचा तो दोन-दोन पायऱ्या एकदम, धाडधाड, आणि खालूनच हाक मारत, "गुंजूऽऽ". तो दारात पोचेपर्यंत पोर दाराकडे तोंड करून तयार. हातातला खुळखुळा टाकलेला, दोन्ही पाय झाडत, तोंडभर हसू. तिची आई रीता शेजारी बसून पोळ्या लाटत असली तरी तिच्याकडे पाठ आणि दाराकडे तोंड. दुसरं कुणी जिना चढलं तर एवढी वळायची नाही. तेलंगणातल्या ड्रायव्हरला हिंदी धड येत नसली तरी प्रफुल त्याला हे हिंदीत समजावून सांगायचा.

आता खरं काय ते सांगून टाकायला हवं. दवाखान्यातून पोरीला घरी आणायच्या दिवशी तिथल्या सिस्टरनं तिच्या कानात बारकी नळी घालून एक मशीन लावली होती. आधी उजव्या कानाला, मग डाव्या. "बरोबर येत नाहीये. पुष्कळदा कानात पाणी राहतं, घाबरू नका. पण महिन्याभरात परत आणा. नक्की आणा." असं म्हणून तिनं कागद दिला. प्रफुलनं तो घडी करून गल्ल्यात ठेवला. मे महिना, पावसाळ्याच्या तोंडावरचा ताडपत्रीचा सीझन. महिना गेला, दुसरा गेला. सप्टेंबरात खांबावर ती ओळ चढली आणि तो कागद मेलाच. जिला बापाचा आवाज कळतो तिचे कान काय तपासायचे?

रीतानं पहिल्यांदा विचारलं ते जेवण वाढताना. "कुकरची शिट्टी झाली तं हे वळूनच पाहत नाई हो."

"हायवेवरचं लेकरू हाय ते. दिवसभर हॉर्न आयकते. तुह्या कुकरले काय भिते?"

दुसऱ्यांदा विचारलं ते दिवाळी होऊन गेल्यावर. मागच्या अंगणात फटाक्यांची लड लावली होती. शेजारची लेकरं भेदरून आयांना चिकटली, आणि गुंजन रीताच्या खांद्यावर निवांत झोपलेली. सासू अनुसयाबाईंनी गावभर सांगितलं, माझी नात वाघीण आहे. रीताला ते वाघीणपण काही पटलं नाही. "त्या कागदाचं काय झालं?" तिनं विचारलं. प्रफुल म्हणाला, "जाऊ ना. एवढ्यात जाऊ."

तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आधी बा बा, गू गू करत होती. आता गप राह्यते." त्यावर अनुसयाबाईच मध्ये पडल्या. "प्रफुल कुठं बोलला होता लवकर? तीन वर्षाचा झाला तवा आई म्हणला. बापावर गेली पोट्टी." बापावर गेली म्हटल्यावर बापाची छाती फुगली. बायकोचं बोलणं त्यानं या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं.

जावळ केळझरच्या गणपतीजवळ काढायचं, हा अनुसयाबाईंचा नवस. अकराव्या महिन्यात, एप्रिलच्या उन्हात, जीप करून सगळे गेले. रीताचा भाऊ नीलेश मामाच्या मानानं मांडी घालून बसला, गुंजन त्याच्या मांडीवर. वस्तरा लागला तशी पोर किंचाळली, मग नीलेशनं हातात झेंडूचं फूल दिलं तशी त्यातच रमली. डोकं गुळगुळीत झालं. मग तिला मंडपात फरशीवर बसवलं. तिथं ती झेंडूची एकेक पाकळी उपटून बघत होती, आत काय आहे ते. प्रफुल पाच पावलं मागे उभा राहून हे सगळं डोळ्यांत साठवत होता. घरी गेल्यावर खांबावर लिहायचं, फूल उघडून पाहते.

तेवढ्यात एक माणूस दर्शनाला आला आणि त्यानं हात वर करून घंटा वाजवली. दणदणीत, तीनदा. बाजूच्या बाईच्या कडेवर गुंजनएवढंच एक लेकरू होतं, ते दचकून रडायला लागलं. गुंजननं मान वर केली नाही. तिनं पाकळी उपटली, उलटी करून पाहिली, खाली ठेवली.

"देवाच्या दारी किती शांत लेकरू, पाहा," अनुसयाबाई म्हणाल्या.

रीता प्रफुलकडे बघत होती. प्रफुलनं आधी तिच्याकडे, मग पोरीकडे पाहिलं. तो जागचा हलला नाही. तिथूनच म्हणाला, "गुंजू."

पोर फुलात.

"गुंजूऽऽ." आता दर्शनाच्या रांगेतले दोघे-तिघे वळले. तिसऱ्यांदा त्यानं अशी हाक मारली की पुजारीही बाहेर आला. सगळा मंडप त्याच्याकडे बघत होता. एक गुंजन तेवढी वळली नाही. खाली दगडी फरशी होती, आणि दगड काही कुणाचा निरोप पोचवत नाही. पण हे प्रफुलला त्या दिवशी कळलं नव्हतं.

चौथ्या दिवशी ते वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात होते. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला. "नाव काय हिचं?"

प्रफुलनं तोंड उघडलं आणि मिटलं. नाव आजीनं हौसेनं ठेवलं होतं. शेवटी रीतानंच सांगितलं, "गुंजन."

पोरीला झोपवून, डोक्याला तारा लावून तपासलं. दीड तास लागला. मग बाईंनी दोघांना समोर बसवलं. दोन्ही कानांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, त्या म्हणाल्या. आज-कालचं नाही, जन्मापासून.

"नाई मॅडम," प्रफुल म्हणाला. "कायतरी चुकलं असन. माह्या आवाजानं वळते ना ते. रोज वळते. मी जिना चढून आवाज देल्ला का दाराकडं पाह्यते. तारीख टाकून लिहून ठेवलं हाय म्या."

"जिना कशाचा आहे?"

"लोखंडाचा."

"आणि घरात खाली काय आहे? फरशी?"

"नाई. फळ्या हाय. अँगलवर ठोकलेल्या."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना काही समजावून सांगायची गरज पडली नाही. प्रफुल स्वतःच्या पायांकडे बघत होता. रोज दुपारी धाडधाड करत तो चढायचा, अख्खी माडी थरथरायची, आणि पोर मांडीखालच्या फळीतून बापाची चाल ओळखायची. हाक होती ती फुकटच. आठ महिने तो वाऱ्याला ओरडला होता.

"जन्मल्यावर काही तपासणी झाली होती का?" बाईंनी विचारलं. रीतानं पर्समधून कागद काढला. गल्ल्यातून तिनं तो कधी उचलला होता कोण जाणे. घडीवर फाटायला आलेला तो कागद बाईंनी वाचला, त्यावरची तारीख पुन्हा वाचली. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तेव्हाच आला असतात तर सहाव्या महिन्यात ऐकायची मशीन लागली असती," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षात मेंदू आवाज शिकतो. ते वर्ष आता परत येत नाही. मशीन लावू, पुढं ऑपरेशनचंही बघू. बोलणं किती येईल, ते आज सांगता येणार नाही."

परतीच्या बसमध्ये गुंजन खिडकीशी उभी राहून थरथरणाऱ्या काचेवर गाल टेकवून खुदुखुदु हसत होती. याआधी ती असं हसली असती तर प्रफुलनं बसमधल्या सगळ्यांना दाखवलं असतं. आता त्याच्यानं तिकडे बघवेना. हिंगणघाट मागे पडल्यावर तो म्हणाला, "तुले कधीपासून मालूम होतं?"

"दिवाळीपासून."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

रीतानं त्याच्याकडे पाहिलं. "सांगितलं. तीन खेपा सांगितलं. तुमाले आयकू नाई आलं."

प्रफुलनं मान खाली घातली. मग रीताच पुन्हा बोलली. "मी बी एकटी जाऊ शकत होती. बस तं रोजच होती. पण तुमी जिना चढले का ते वळे, अन मले वाटे, माहंच मन वाईट हाय. मले बी ते खरं पाह्यजे होतं." बोलता बोलता तिला रडू फुटलं. गुंजननं काचेवरचा गाल काढून आईचं तोंड पाहिलं आणि तिच्या गालावरचं पाणी बोटानं पसरवून बघू लागली. नवीन काहीतरी सापडलं होतं तिला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर प्रफुलनं आधी थिनरचा डबा काढला. खांबावरची ती ओळ घासून घासून त्याचा हात भरून आला. काळा रंग थोडा पसरला, अक्षरं जशीच्या तशी राहिली. कशानंही निघत नाही म्हणून तर तो मार्कर त्यानं ताडपत्रीसाठी घेतला होता. भैय्याजी चहा घेऊन आला, खांबाकडे पाहिलं, ग्लास ठेवला आणि गेला. पेढ्यांची थट्टा करणाऱ्या माणसाला थट्टा सुचू नये, इतकी बातमी चौकात पोचली होती.

दुपारी प्रफुलनं शटर अर्धं ओढलं आणि जिन्याशी आला. चपला खालीच काढल्या. कठड्याला धरून, एकेक पायरी, चोरासारखा अलगद चढला. लाज वाटत होती त्याला, त्या धाडधाडीची आणि त्या हाकेची. दारात पोचला तर गुंजन दाराकडेच तोंड करून बसलेली. पण हसत नव्हती. दोन्ही तळवे फळीवर सपाट टेकवले होते आणि ती फळीकडे बघत होती. जेवायची वेळ तिला ठाऊक होती. फळी तेवढी काही सांगत नव्हती.

रीता स्वयंपाकातून उठून आली आणि तिनं त्याला मागे ढकलत बाहेर जिन्यावर आणलं.

"असे मुकाट्यानं काऊन आले?"

"कसा येऊ मंग?"

"रोज येता तसे या. पाय आपटत. किती वेळची वाट पाहून राह्यली ते. तिले कसं मालूम पडन?"

प्रफुल खाली उतरला. चपला घातल्या. आणि चढला, दोन-दोन पायऱ्या एकदम, धाडधाड, जिना उखडून येईल असा. वर भांडी खुळखुळली. तो दारात आला तेव्हा गुंजन दाराची चौकट धरून उभी होती, मुंडण केलेलं गोटा डोकं, तोंडभर हसू. त्याला पाहिलं आणि तिनं चौकट सोडली. एक पाऊल टाकलं. झुकली, सावरली. दुसरं टाकलं. तिसऱ्याला ती त्याच्या गुडघ्याला येऊन आदळली आणि पँट घट्ट धरून वर बघू लागली.

पहिली पावलं होती ती. आठवड्यापूर्वी असतं तर अख्ख्या चौकाला कळलं असतं. प्रफुलच्या तोंडात नाव आलं आणि तिथंच अडकलं.

"म्हणा ना," रीता मागून म्हणाली. "तुमच्या तोंडाकडं पाहून राह्यली ते."

प्रफुल खाली बसला. पोरीच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि नाव घेतलं. आवाज निघाला की नाही, ते त्याला स्वतःलाही कळलं नाही. गुंजननं हात पुढे केला आणि त्याच्या हलणाऱ्या ओठांवर बोट ठेवलं.