लाल गाडीचे पंखे

गाडी धुतलेली होती, तिथंच गॅरेजवाल्या दस्तगीरच्या मनात पाल चुकचुकली. पाटोद्यात नळाला पाणी कधी आलं होतं हे आता कुणाला आठवत नव्हतं. टँकरचा भोंगा वाजला की बायाबापड्या घागरी घेऊन धावत होत्या, म्हशी चारा छावणीत बांधलेल्या होत्या, आणि सुग्रीवची लाल गाडी मात्र हळद उतरलेल्या नवरदेवासारखी चकचकीत होऊन गॅरेजच्या दारात उभी होती. एवढं पाणी गाडीवर ओतायला माणसाला तसंच काहीतरी कारण लागतं.

सुग्रीवनं ती दसऱ्याला पुण्याहून जुनी घेतली होती. जुनी असली तरी टर्बो इंजिनाची, पळायला लागली की मागच्याच्या वाट्याला नुसती धूळ. पळताना तिला काही होत नसे, कारण समोरचा वाराच तिचा रेडिएटर गार ठेवी. ती तापायची हळू चालताना, कारण तेव्हा सगळी भिस्त रेडिएटरमागच्या दोन विजेच्या पंख्यांवर. काल ती चाऱ्याच्या ट्रॅक्टरमागं अडकली आणि काटा लाल पट्टीत जाऊन बसला. दस्तगीरनं दोरीनं ओढून आणून बॉनेट उघडलं, तर दोन्ही पंखे जाम आणि त्यांचा प्लग वितळून गोळा झालेला. नवे पंखे आज सकाळी पुण्याच्या ट्रॅव्हल्सनं आले. ते घेऊन सुग्रीव आला आणि सोबत बापालाही घेऊन आला.

बापाचं नाव आश्रुबा, पण तालुका त्यांना अण्णा म्हणे. महिन्यापूर्वीपर्यंत ते दूध संघाचे चेअरमन होते. दुष्काळ दिसायला लागला तेव्हा त्यांनी दिवाळीला वाटायचा पैसा वाटला नाही, त्याचा चारा घेतला. लोकांनी त्या चाऱ्यावर जनावरं जगवली आणि मतं विरोधातल्या बंकटला दिली. माणसाला जगवलेली म्हैस दिसत नाही, न मिळालेला पैसा तेवढा दिसतो. दस्तगीरच्या दारची म्हैस त्याच चाऱ्यावर तगली होती. त्याची बायको अजमतबी अजूनही शेजारणींना ऐकवायची, "मी अण्णालाच दिलं, तुमी तुमचं बघा."

पडल्यापासून अण्णा घराबाहेर आलेच नव्हते. आज पहिल्यांदा उंबरा ओलांडला होता. पांढरंशुभ्र धोतर, पांढरा सदरा, सगळं इस्त्रीचं.

"या अण्णा, बसा. लई दिसानं आलात," दस्तगीरनं खुर्ची पुसली.

"पोरगं ऐकंना. म्हनलं, नगरला सुंदरबाईकडं जाऊन येऊ. बहीन बोलावून थकली."

"चाचा, दुपारपत्तर होईल ना?" सुग्रीवनं विचारलं. हा पोरगा एरवी बोलताना समोर बघायचा. आज तो टायरकडं बघत होता.

"होईल की. तू कूलंटचा डबा घेऊन ये. बोअरचं खारं पानी मी ह्यात घालू देनार न्हाई."

सुग्रीव गेला. दस्तगीर पाने घेऊन वाकला आणि खुर्चीत बसलेल्या अण्णांना बोलायला माणूस मिळाला.

"दस्तगीर, पडल्याचं मला काही न्हाई. खुर्ची आज हाय, उद्या न्हाई. पर पोरगं पाठीशी उभं ऱ्हायलं बघ. मोजनीच्या दिशी गावात थांबलंच न्हाई. म्हनला, अण्णा, मला बघवनार न्हाई. गाडी काढली अन् पुण्याला निघून गेलता. रातच्याला आला तं डोळे लाल. म्या ह्याच्या आईला, केशरला म्हनलं, संघ गेला तं जाऊ दे, लेक हाय."

दस्तगीर "हां" म्हणाला. त्याला चहाच्या टपरीवरचं भांडण आठवलं. मोजणीच्या दुसऱ्याच दिवशी मुंजाजी टपरीवाला म्हणाला होता, बंकटच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढं सुग्रीवची लाल गाडी होती, मोबाईलवर फिरतंय. दस्तगीर त्याच्या अंगावर धावून गेला होता. लाल गाड्या काय जगात एकच हाय का बे, असं म्हणून त्यानं चहा अर्धा टाकला आणि तेव्हापासून त्या टपरीची पायरी चढला नव्हता. अण्णांकडं बटणांचा मोबाईल. आणि पडलेल्या माणसाच्या घरी जाऊन असलं कोण सांगतं? काही जण भिडेपोटी गप्प होते, बरेच जण मजा बघत होते.

पंख्यांची चौकट चार बोल्टांवर होती. ती उचलून बाहेर काढली आणि दस्तगीरचा हात तसाच राहिला. चौकटीच्या कोपऱ्यात गुलाल होता. रेडिएटरच्या जाळीत, एकेका फटीत ठासून गुलाल. मोटारीच्या दांड्याभोवती तो ऑइलमध्ये कालवून असा घट्ट बसला होता की पंखा फिरावा तरी कसा? फिरेना म्हणून मोटारीनं जास्त करंट ओढला आणि प्लग वितळला. सगळा हिशोब त्याला एका नजरेत कळला. गाडी माणसाच्या चालीनं तासन् तास चालली होती, पंखे सारखे फिरत होते आणि वरून जेसीबीच्या तोंडानं उधळलेला गुलाल आत ओढून घेत होते.

निवडणुकीत गुलाल एकाच्याच अंगावर पडतो. दुसरा आडवाटेनं घरी जातो.

दस्तगीरनं पाठ अण्णांकडं केली, जुने पंखे भिंतीशी नेऊन ठेवले आणि त्यांच्यावर पोतं टाकलं.

"काय निघालं रं?" अण्णांनी विचारलं.

"काही न्हाई. कचरा. मोटरी जळल्यात."

आता खरं काम म्हणजे जाळी साफ करणं. एरवी तो मागच्या बाजूनं कॉम्प्रेसरची हवा मारी आणि वरून पाण्याचा पाइप सोडी. पाणी नव्हतंच. हवा मारली असती, तर सगळं गॅरेज गुलाबी झालं असतं. त्यानं मनाशी ठरवलं की आज असंच बंद करायचं, नगरला जाऊन येऊ द्यायचं आणि उद्या सुग्रीवला एकट्याला बोलावून, आधी त्याची हजामत करून, मग जाळी धुवायची.

तो वायरिंगला लागला. वितळलेला भाग कापून टाकला. नव्या मोटारींना जुनी बारीक वायर पुरणार नव्हती, म्हणून बॅटरीपासून जाड वायर ओढली. प्रत्येक पंख्याला वेगळा फ्यूज, वेगळा रिलेचा खटका, म्हणजे एक पंखा गेला तरी दुसरा चालेल. अर्थिंगची जागा पत्र्यापर्यंत खरवडून बोल्ट आवळला. नव्या पंख्यांचा प्लग जुन्या गाडीला बसत नव्हता, तेव्हा तोही कापला. आत दोन वायरी, दोन्ही काळ्याच, एकीवर पांढरी रेघ.

इथं दस्तगीरची एक रीत होती. जोडण्याआधी मोटर बॅटरीला नुसती टेकवायची आणि पंख्यापुढं वर्तमानपत्राचा तुकडा धरायचा. कागद ओढून चिकटला तर वायरी बरोबर, उडाला तर उलट्या. ही रीत त्यानं कधी मोडली नव्हती. वर्तमानपत्र घ्यायला तो वळला आणि बघतो तर अण्णा खुर्चीतून उठून भिंतीशी आलेले.

"ह्या जळक्या मोटरी बघू तरी," म्हणत त्यांनी पोत्याला हात घातला.

"अण्णा!" दस्तगीर एवढ्यानं ओरडला की अण्णा दचकले. "कपडे खराब व्हतील. ऑइल हाय समदं. तुमी... तुमी तिकडं गाडीच्या फुडं उभं ऱ्हावा. आत्ता चालू करतो, तिकडनं हवा बघा."

कागद धरून बघायचं राहिलं. रेघेची वायर म्हणजे अर्थिंग, असं धरून त्यानं घाईघाईनं सोल्डर मारलं, नळी चढवली, चौकट बसवली. तेवढ्यात सुग्रीव आला. कूलंट भरलं.

"बस आत. चालू कर अन् एसी लाव, पंखे लगेच फिरतेत," दस्तगीर म्हणाला. कधी एकदा हे दोघे नगरच्या रस्त्याला लागतात, असं त्याला झालं होतं.

अण्णा समोरच्या जाळीपुढं वाकून, हात पुढं करून उभे होते. रिले टिकटिकले. दोन्ही पंखे एकदम घोंघावले. वायरी उलट्या लागल्या होत्या, पंख्यांनी हवा ओढायच्या ऐवजी फेकली. महिनाभर जाळीत कोंडलेला गुलाल भसकन् बाहेर आला आणि आश्रुबाअण्णांच्या तोंडावर, मिशांवर, इस्त्रीच्या सदऱ्यावर, धोतरावर जाऊन बसला.

सुग्रीवनं चावी फिरवून इंजिन बंद केलं.

अण्णांनी डोळे पुसले. सदऱ्यावरचं थोडं चिमटीत घेतलं, चोळून बघितलं.

"गुलाल हाय," ते म्हणाले.

"गनपतीचा असंल अण्णा," दस्तगीर म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच खोटा वाटला.

"गाडी दसऱ्याला घेतली, दस्तगीर."

मग त्यांनी काचेतून लेकाकडं बघितलं. सुग्रीव खाली उतरला.

"बंकटच्या मिरवनुकीत गेलतास?"

"त्यो दुधाच्या टँकरचं काम देतो म्हनला, अण्णा." सुग्रीवनं गाडीचं दार लावलं. "तुमी इतकी वर्सं चेअरमन. साऱ्या दुनियेला कामं दिली. मला कावून कधी दिलं न्हाई?"

"न्हाई दिलं," अण्णा म्हणाले. "लेक व्हतास म्हनून न्हाई दिलं." मग त्यांनी विचारलं, "गाडी फुडं व्हती का मागं?"

सुग्रीवनं नजर पुन्हा टायरकडं वळवली.

"तुला इचारतोय."

"फुडं."

अण्णांनी मान हलवली आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. दस्तगीरनं सोल्डर सोडवलं आणि वायरी पालटल्या. त्याला स्वतःचा इतका राग आला होता की रडू येत होतं. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. त्यानं चौकट काढून कॉम्प्रेसर लावला आणि जाळी मोकळी केली. सगळं बसवून पुन्हा पंखे चालू केले, तेव्हा समोर धरलेला वर्तमानपत्राचा तुकडा जाळीला घट्ट चिकटला.

सुग्रीव पाण्याची बाटली घेऊन बापापुढं उभा राहिला. "अण्णा, तोंड धुवा. सदरा तरी झटका."

"पानी कशाला नासतूस?" अण्णा उठले, पुढच्या सीटवर जाऊन बसले आणि त्यांनी काच खाली केली. "नगरला नगं आता. घरी चल. केशर इचारंल, गुलाल कशाचा. तवा तू सांगायचं, मी न्हाई."

"व्हय," सुग्रीव कसाबसा म्हणाला. त्यानं गाडी बायपासकडं वळवायला घेतली.

"तिकडनं न्हाई. बाजारातनं चल."

"अण्णा, आज बाजार भरलाय. समदी लोकं..."

"असू दे. सावकाश चल. आता तापत न्हाई तुझी गाडी."

दस्तगीर रस्त्यावर येऊन उभा राहिला. बाजाराच्या तोंडाशी लाल गाडी माणसाच्या चालीला आली. मुंजाजीच्या टपरीवरची माणसं कप हातात धरून उठली. अण्णा गुलालानं माखलेल्या सदऱ्यात ताठ बसले होते आणि ओळखीच्या प्रत्येकाला हात जोडत होते. गाडी गर्दीत थांबली तेव्हा तिचे पंखे सुरू झाल्याचं दस्तगीरला लांबूनही ऐकू आलं.